भिंतीकडे तोंड करून टांगलेली काच

मी काच बोलतेय. आरसा समजू नका. आरशाचं काय, समोर कुणी आलं की त्याचंच तोंड त्याला दाखवतो आणि ते वळलं की विसरतो. मी पहिल्यांदा डोळा उघडून जे बघितलं ते अजून विसरले नाही. फोटोवाले मला निगेटिव्ह म्हणतात. हाशम फ्रेमवाला ‘पलेट’ म्हणतो. सोलापूरच्या मुलींच्या बोर्डिंगात मला नुसतं ‘आमची काच’ म्हणतात, आणि मला हे नाव सगळ्यांत आवडतं.

माझा जन्म विलायतेतला. अंगावर कागदाइतका पातळ मसाला सारवलेला, उजेड लागला की बिघडणारा. म्हणून आम्हा बहिणींना काळ्या कागदात गुंडाळून, खोक्यात बंद करून बोटीत चढवलं आणि मग आगगाडीत. समुद्र कसा असतो मला ठाऊक नाही. मी डोळा उघडला तो थेट सोलापूरच्या उन्हात, आणि लगेच मिटलाही. तेवढ्यात जे दिसलं ते माझं.

तेव्हा सोलापुरात पलटण होती. सदर बझारच्या पलीकडे मोठं मैदान आणि त्यात दगडी बराकी. पलटणीतल्या एका साहेबाला फोटोचा नाद होता. त्यानं मला कॅमेऱ्यात घातलं आणि समोर एक लांबलचक बराक धरली. पलटणीच्या इमारती कशा असतात, बघितल्यात ना? डाव्या टोकाला जितक्या कमानी तितक्याच उजव्या टोकाला. मधोमध घडी घातली तर एक टोक दुसऱ्यावर बरोबर बसेल.

बराकीपुढे शिपायांची पंगत बसली होती. साहेबाला शिपाई जेवताना हवे होते, पण हललेले नको होते. त्यानं फर्मावलं, घास तोंडाशी न्या आणि थांबा. बिचारे भाकरीचा तुकडा तोंडाशी धरून थांबले. एक जण हसू दाबत होता, तेही माझ्यात उमटलंय. त्यांच्या मागे, बराकीच्या एका टोकाला, दगडात बांधलेली विहीर होती. तिच्यावर रहाट होता आणि कडेला पखाल लादलेला बैल. बैल मात्र साहेबाचं न ऐकता हलला, त्याला दोन शेपट्या आल्या.

माझ्यात सगळं उलटं असतं, हे सांगून ठेवते. उजेड काळा, सावली पांढरी. त्या साहेबाचाही एक फोटो माझ्या बहिणीवर होता, त्यात तो कोळशासारखा दिसे आणि त्याचा काळा बूट दुधासारखा. आम्ही बहिणी त्यावरून खूप हसायचो.

साहेबानं मला धुतलं, वाळवलं आणि वरून वॉर्निश चढवलं. मसाल्याची बाजू एरवी मंद दिसते, पण वॉर्निशामुळे मी दोन्ही बाजूंनी चकचकीत झाले. त्या चकचकीतपणाचा मला भारी तोरा होता. पुढे त्यानंच घोळ घातला, पण ते मागाहून.

पलटण गेली. साहेब गेला. आमची खोकी लिलावात निघाली, भंगारवाल्याकडे पडली आणि शेवटी राजेसाब फ्रेमवाल्याच्या दुकानात आली. राजेसाब म्हणजे आत्ताच्या हाशमचे वडील. माणूस देवभोळा, हात सोन्याचा. पण त्यांना हवी होती साधी काच. ते पातेल्यात सोड्याचं पाणी उकळत आणि एकेक प्लेट त्यात बुडवत. मसाला सुटून निघाला की फडक्यानं पुसून लख्ख करत.

माझ्या बहिणी अशा गेल्या. एकीच्या अंगावर पलटणीचा दवाखाना होता, एकीवर बँडवाले, एकीवर घोड्यांच्या पागा. सगळं मोरीत वाहून गेलं. आज सोलापुरात किती घरांत त्या देवादिकांवर आणि नवरानवरीच्या फोटोंवर बसल्या असतील! त्यांना काही आठवत नाही. राजेसाबांना दोष देत नाही, त्यांच्या लेखी ती घाण होती. पण मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मी वाचले ती वाळवीमुळे. स्वातंत्र्यानंतर रिकाम्या पडलेल्या त्याच दगडी बराकीत मुलींचं बोर्डिंग सुरू झालं. बोर्डिंगाला सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची मोठी तसबीर हवी होती. राजेसाब म्हणाले, ‘‘त्या बराकीत वाळवी लई. पाठीला पुठ्ठा घातला तर खाऊन टाकंल. पुढंबी काच घालतो, मागंबी काच घालतो.’’ मागच्या काचेला कोण बघतंय? मग ती धुवायची कशाला? म्हणून मी न धुतलेली, तशीच देवाच्या पाठीशी बसले.

गंमत बघा. ज्या बराकीचं चित्र मी अंगावर वागवत होते, त्याच बराकीच्या प्रार्थनेच्या खोलीत मी टांगली गेले, आणि तीही भिंतीकडे तोंड करून. पंचवीसेक वर्षं मला चुन्याच्या भिंतीशिवाय काही दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं येई. माणसं देवापुढे काय काय मागतात, ते देवाच्या खालोखाल मीच ऐकलंय. मुली गणितात पास कर म्हणायच्या. नव्या मुली पहिले काही दिवस नुसतंच मुसमुसायच्या. संस्थेचे अध्यक्ष चनबसप्पा, कापडाचे मोठे व्यापारी, आधी हळूच बाजारभावाबद्दल पुटपुटायचे आणि मग मोठ्यानं सगळ्यांना सुखी ठेव म्हणायचे. बोर्डिंग सांभाळणाऱ्या अक्कम्मा तेवढ्या काही मागत नसत. लहान वयात कुंकू पुसलं गेलेली ती बाई बोर्डिंगातच आली आणि बोर्डिंगाचीच झाली. दुधनीच्या, करमाळ्याच्या, माळशिरसच्या सगळ्या मुली तिच्या. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या.

पण त्र्याहत्तर साल उजाडलं आणि अक्कांनीही मागितलं. ‘‘सिद्धरामा, पानी दे,’’ एवढंच.

दुष्काळ तुम्हाला सांगायला नको. शहराचा तलाव तळाला गेला होता. नळाला येई ती नुसती हवा. आठवड्यातून एकदा टँकर येई, तोही कधी येई, कधी नाही. मुली मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाऊन दिवस काढत, त्याची कुरकूर नव्हती. पण पाण्यावाचून इतक्या मुली ठेवायच्या कशा? चनबसप्पांनी प्रार्थनेच्या खोलीतच अक्कांना सांगितलं, ते मी ऐकलं.

‘‘अक्का, महिनाअखेरीपर्यंत पाण्याचं काय जमलं तर बघू. न्हायतर बोर्डिंग बंद करायचं. मुलींना घरला धाडा.’’

‘‘अप्पा, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर हाय. घरला गेलेली पोर परत येत न्हाय. एक तर दुष्काळी कामावर खडी फोडाय जाती, न्हायतर तिचं लगीन होतंय.’’

‘‘मला का कळत न्हाय? पण पानी काय मी खिशातनं काढू?’’

चनबसप्पा वाईट नव्हते. खरंच खिशातून काढता आलं असतं तर त्यांनी काढलं असतं.

संक्रांतीची सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा नुकतीच सरली होती. अक्का बांधाबांध म्हणून एकेक तसबीर उतरवू लागल्या आणि आमची तसबीर हातातून निसटली. पुढची काच तडकली. मला काही झालं नाही, विलायती माल. तडकलेल्या काचेत देव ठेवायला अक्कांचं मन धजेना. बोर्डिंग बंद होवो नाहीतर चालू राहो, देव धड हवा, म्हणून त्यांनी आम्हाला पदरात गुंडाळलं आणि हाशमचं दुकान गाठलं.

हाशमनं खिळे काढले, तसबीर उघडली आणि मला बाजूला ठेवणार तोच थबकला. दाराकडे जाऊन त्यानं मला उजेडाकडे धरलं. किती वर्षांनी माझ्या अंगातून ऊन गेलं म्हणून सांगू! मला हुडहुडी भरली.

‘‘या अल्ला!’’ हाशम म्हणाला. ‘‘अक्का, हिकडं या. ही तुमचीच बराक हाय का न्हाय बघा.’’

अक्कांनी पदरानं चष्मा पुसला. ‘‘व्हय की. ह्या आमच्याच कमानी. आन् हे काय रं? चाक?’’

‘‘रहाट दिसतोय. ही काय खाली विहीर.’’

‘‘आमच्या आवारात विहीर न्हाय, हाशम.’’

‘‘आता न्हाय. हिच्यात हाय की.’’

अक्कांनी मला त्याच्या हातून दोन्ही हातांनी घेतलं. माझ्या मनात एकच आलं, बाई, पडू नको देऊ आता.

तिथून आम्ही थेट गुरुबसप्पांच्या फोटो स्टुडिओत गेलो. गुरुबसप्पा नीटनेटका माणूस, केसाला तेल, शर्टाला इस्त्री. त्यांनी मला या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, नखानं चाचपलं. ‘‘मसाला कुठल्या अंगाला आहे तेच समजेना. दोन्हीकडनं चमकतीय,’’ म्हणाले. मी आतून ओरडत होते, हिकडून, अरे हिकडून! पण काचेचं कोण ऐकतं? त्यांनी अंदाजानं एक बाजू कागदावर टेकवली आणि उजेड दिला.

फोटो निघाला. बराक आली, विहीर आली, पंगत आली. पण सगळं थोडं धुरकट. ‘‘जुनी काच आहे, चालायचंच,’’ गुरुबसप्पा म्हणाले. मला इतका राग आला! मी धुरकट? माझ्यात रहाटाचे आरे मोजता येतात! उलटी टेकवलीस बाबा मला, म्हणून उजेड काचेच्या जाडीतून फाकला. डावं उजवीकडे गेलं आणि उजवं डावीकडे. पण ते बघणार कोण? जो तो बघायचा फक्त विहीर. आणि मेल्या त्या बराकीची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे इमारतीवरून कुणाला पत्ता लागेना.

फोटोत विहीर उजव्या टोकाला दिसत होती, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूला. चनबसप्पांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. स्वतःच्या खर्चानं त्यांनी वडार लावले. शेजारपाजारचे जमले. अक्कांनी मला भोजनाच्या खोलीच्या खिडकीत उभं केलं आणि शेजारी फोटो टाचला. खिडकीतून सगळं आवार दिसत होतं. मी बघत होते की पहारी चुकीच्या जागी पडतायत, आणि मला गप्प बसावं लागत होतं. असा छळ शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

मुरूम लागला. मुरमाखाली काळा दगड लागला. पहारीतून ठिणग्या उडाल्या, पाण्याचा थेंब नाही. माणसाच्या उंचीचा खड्डा झाला तशी माणसं पांगली. जाताना कुणीतरी म्हणालं, ‘‘फोटो बघून पानी काढत्यात! उद्या फोटोतला बैल धरून दूधबी काढतील.’’ आवारभर हशा पिकला. चनबसप्पांचं तोंड उतरलं. ते अक्कांना म्हणाले, ‘‘झालं एवढं हसं पुरे. मुलींच्या घरी निरोप धाडा.’’

निरोप गेले. पालक येऊ लागले. मॅट्रिकच्या वर्गातली चंद्रव्वा दुधनीची. तिचे वडील ईरप्पा बसनं आले आणि आवारात तिच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहिले. माणूस वाळलेला, पायात चपला झिजलेल्या.

‘‘ईरप्पा, परीक्षेपुरतं तरी राहू द्या की हिला,’’ अक्का म्हणाल्या.

‘‘कुटं ठेवू अक्का? तुमीच बंद करताय न्हवं?’’ ईरप्पा मान खाली घालून म्हणाले. ‘‘घरी समदी खडीच्या कामावर हायती. अजून दोन हात लागले तर बरंच हाय. आन् अक्कलकोटचं एक स्थळबी आलंय. पावसाळ्यानंतर बघू म्हनतो.’’

चंद्रव्वा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही. तिनं पुस्तकं सुतळीनं बांधली आणि जेवायला आली. शेवटची पंगत होती ती.

आता या पंगतीचं ऐका. स्वयंपाक करायला मल्लव्वा होत्या. हाताला चव मोठी आणि जिभेला धार त्याहून मोठी. चंद्रव्वा डावखुरी. बोर्डिंगात आल्यापासून मल्लव्वांनी तिला त्यावरून टोचलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. त्या दिवशीही पोरीचा डावा हात भाकरीला लागला आणि मल्लव्वा कडाडल्या.

‘‘जाताना तरी उजव्या हातानं जेव गं! सासरला गेल्यावर लोक काय म्हनतील? अन्नाला डावा हात लावत्यात का कुनी?’’

एरवी चंद्रव्वा गुमान हात बदलायची. पण त्या दिवशी तिचं सगळंच गेलं होतं, मग भ्यायचं कशाला? तिनं खिडकीशेजारच्या फोटोकडे बोट केलं.

‘‘लावत्यात की! हे शिपाई बघा. समदे डाव्या हातानं जेवत्यात. त्यांना नाही कुनी बोलत!’’

मुली फिसकन हसल्या. मल्लव्वा तणतणत फोटोपाशी आल्या, डोळे बारीक करून बघू लागल्या आणि त्यांनी गालाला हात लावला. ‘‘अय्यव्वा! ही समदी पलटनच डावखुरी?’’

अक्का ताटावरून उठल्या. एक माणूस डावखुरा असतो. दोन असतील. अख्खी पंगतच्या पंगत डाव्या हातात घास धरून बसली आहे, असं या मुलखात कधी घडलंय का? अक्का फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला खिडकीतून उचललं, उलटं फिरवलं आणि उजेडाकडे धरलं. शिपायांचे घास उजव्या हातात आले. विहीर बराकीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

‘‘पोरींनो, विहीर तिकडच्या टोकाला हाय!’’ अक्का म्हणाल्या.

कुणी जेवण पुरं केलं नाही. चंद्रव्वा तशीच खरकट्या हातानं गुरुबसप्पांच्या स्टुडिओकडे पळत सुटली. गुरुबसप्पा आले, त्यांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘चूक माझी. विहिरीकडं बघितलं, माणसांकडं बघितलंच न्हाय.’’ त्यांनी मला नेलं, दुसऱ्या अंगानं कागदावर टेकवलं आणि नवा फोटो काढला. काय फोटो आला म्हणता! विहिरीचा दगड न् दगड दिसत होता. त्या शिपायाचं दाबलेलं हसूसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. धुरकट म्हणत होते मला!

पण खरी पंचाईत पुढेच होती. त्या दुसऱ्या टोकाला आता दगडी चौथरा होता. पंधरा ऑगस्टला झेंडा लागायचा तो चौथरा. चनबसप्पांच्या वडिलांनी तो बांधला होता, बोर्डिंगासाठी त्यांनी केलेलं पहिलं काम. वर संगमरवरी पाटी आणि पाटीवर त्यांचं नाव. चनबसप्पा आवारात आले की आधी त्या पाटीला हात लावून नमस्कार करत आणि मगच कुणाशी बोलत.

‘‘न्हाय,’’ निरोप मिळताच आलेले चनबसप्पा म्हणाले. त्यांनी नवा फोटो बघितला, शिपायांचे हात बघितले, स्वतःच्या उजव्या हाताकडेही बघितलं. तरी म्हणाले, ‘‘न्हाय. एकदा तुमच्या फोटोवर इस्वास ठिवला आन् गावभर हसं झालं. आता काय बापाच्या नावावर पहार घालू?’’

ईरप्पांनी ट्रंक खांद्यावर घेतली. चंद्रव्वानं पुस्तकांची गठडी उचलली. बसची वेळ होत आली होती.

अक्का चनबसप्पांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी अध्यक्षांपुढे आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

‘‘अप्पा, तुमच्या वडलांनी हे बोर्डिंग दगडासाठी काढलं का पोरींसाठी? पोरीच गेल्या तर ते नाव वाचनार कोन? मी बघते रोज, त्या पाटीवर कावळं बसत्यात.’’

चनबसप्पा लालबुंद झाले. ते चौथऱ्याकडे गेले, पाटीला हात लावला आणि नावावरून बोट फिरवलं. मग वळून, मजुरीच्या हिशेबाला माणसांसह आलेल्या वडारांच्या मुकादमाला म्हणाले, ‘‘पाटी नीट काढा. चीर पडता कामा नये. बाकीचं फोडा.’’ आणि धोतराचा सोगा खोचून पहिली पहार त्यांनी स्वतः घातली. ती लागली तिरकीच, पण लागली.

ईरप्पांनी ट्रंक खाली ठेवली. ‘‘पुढच्या बसनं जाऊ,’’ एवढंच म्हणाले.

चौथऱ्याचे दगड निघाले. खाली भर होती, ती निघाली. तिच्याखाली फरशी लागली, मोठमोठ्या घडीव दगडांची. चनबसप्पा म्हणाले, ‘‘वडील सांगायचे, पाया खनायला लागलाच न्हाय, तयार फरशी घावली. देवानंच दिली म्हनायचे.’’ ही तयार फरशी म्हणजे पलटणीनं जाताना विहिरीवर घातलेलं झाकण होतं. इतकी वर्षं मुली त्याच्यावर उभ्या राहून झेंड्याला सलाम करत होत्या आणि खाली विहीर होती.

वडारांनी पहारी लावून एक दगड उचकटला. काळं भोक पडलं आणि आतून गार, ओल्या दगडाचा वास वर आला. तो वास खिडकीत माझ्यापर्यंत आला असं मी म्हणणार नाही, काचेला नाक नसतं. पण माणसांची तोंडं बघितली आणि मला समजलं. मुकादमानं एक खडा आत टाकला. सगळ्यांनी श्वास धरला.

डुबुक.

‘‘नीरू!’’ ईरप्पा कानडीतून ओरडले. त्या गप्प माणसाच्या अंगात एवढा आवाज होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘‘नीरू बंतू! पानी हाय, पानी!’’

मग काय सांगू! मुली नाचल्या. मल्लव्वांनी स्वयंपाकघरातून परात आणून पळीनं बडवली. कालचे हसणारे घागरी घेऊन आज सगळ्यांत पुढे. हाशम दुकान उघडं टाकून पळत आला. अक्का मात्र जागच्या जागी खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. मीही रडले असते. काचेला ते जमत नाही, एवढंच.

पहिली बादली वर आली ती गढूळ होती, पालापाचोळा होता. उपसत उपसत संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं. निवळलेल्या पाण्याचा पहिला तांब्या अक्कांनी चनबसप्पांना दिला. चनबसप्पांनी तो आपल्या हातानं ईरप्पांपुढे धरला. ‘‘लांबनं आलाय तुमी. आधी तुमी प्या.’’

ईरप्पा घटाघटा प्यायले. तोंड पुसलं, विहिरीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग त्यांनी ट्रंक उचलली. चंद्रव्वा पुस्तकांची गठडी घेऊन त्यांच्यामागे निघाली. पण ते फाटकाकडे वळले नाहीत. ते बराकीच्या पायऱ्या चढले, मुलींच्या खोलीच्या दाराशी गेले आणि ट्रंक आत ठेवून बाहेर आले.

‘‘राहू दे हितंच,’’ ते अक्कांना म्हणाले. ‘‘स्थळवाल्यांना सांगतो, पोरगी शिकती म्हनून. थांबायचं तर थांबा.’’

आणि ते एकटेच बसकडे गेले. चंद्रव्वा त्यांच्या पाठीकडे बघत फाटकात उभी होती. रिकाम्या हातानं परत जाणारा इतका ताठ माणूस मी दुसरा बघितला नाही.

बोर्डिंग बंद झालं नाही. उलट त्या वर्षी पाण्यावाचून बंद पडलेल्या दुसऱ्या वसतिगृहांतल्या मुलीही आमच्याकडे आल्या. सकाळी मुली पाणी भरत, दुपारनंतर फाटक आळीसाठी उघडं. हाशमची आई मदिनाबी काठी टेकत यायची आणि कळशी भरेपर्यंत सगळ्या मुलींना नावानं हाका मारायची. पाटी चनबसप्पांनी विहिरीच्या कठड्यात बसवली. आता ते नाव रोज वाचलं जातं, आणि कावळ्यांना तिथे बसायला सवड मिळत नाही.

त्यानंतर चार पावसाळे गेले. चंद्रव्वा मॅट्रिक झाली, ट्रेनिंग कॉलेजात गेली आणि आता दुधनीच्या शाळेत मास्तरीण आहे. मल्लव्वा नव्या मुलींना अजून टोचतात, पण डावखुऱ्या मुलीला भाकरी जरा मोठी पडते, हे मी खिडकीतून बघितलंय. मध्ये मुंबईहून एक अभ्यासक बाई आल्या होत्या. पलटणीच्या जुन्या इमारतींचा इतिहास लिहितात. त्यांनी मला पांढरे हातमोजे घालून हातात घेतलं, बराकीच्या कमानींची मापं घेतली आणि म्हणाल्या, ही प्लेट संग्रहालयात हवी. मला गुदगुल्या झाल्या, नाकारत नाही. पण अक्का म्हणाल्या, ‘‘फोटो पाहिजे तेवढं घ्या बाई. काच हितंच ऱ्हाईल. तिचं घर हाय हे.’’

मी आता खिडकीतच असते, सागवानी चौकटीत, दोन्ही बाजूंनी मोकळी. गुरुबसप्पांनी एका कोपऱ्यात शाईनं बारीक बाण काढून दिलाय, हिकडून बघावं म्हणून.

तुमच्या घरात, माळ्यावर, दुकानाच्या मागल्या खोलीत कुठे माझ्यासारखी एखादी काळपट काच पडली असेल. घाण म्हणून सोड्यात घालू नका. आधी तिला दारात आणा, उजेडाकडे धरा आणि तिनं काय बघितलंय ते विचारा. माझ्या खोक्यातल्या सगळ्या बहिणी गेल्या, दुसऱ्या कुठल्या खोक्यातली एखादी तरी अजून राहिली असेल.

आणि कधी सोलापूरला आलात तर बोर्डिंगात जरूर या. माझ्याकडे मागाहून बघा, मी कुठे पळून जात नाही. आधी कठड्यापाशी जा. तिथे एखादी मुलगी पाणी ओढत असेल. तिला तांब्याभर पाणी मागा, आणि पिऊन झालं की तिला विचारा, बाळ, तू कितवीत आहेस?